हिरावहिनींच्या गाठी

७ मे. मागच्या दोन खोल्यांचं सामान बांधणे. सव्वीस खोकी झाली. माळ्यावरची पितळेची भांडी राहिली.

एवढं लिहून मी एरवी वही मिटते. काय केलं, काय राहिलं, संपलं. आज पुढे लिहिते आहे, कारण एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. चोवीस वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा ना — अजून सुरुवातच होत नाही.

आधी सामानाचं सांगते. ते मला नीट सांगता येतं.

हिरावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. रेवदंड्यात आमचं एकच घर; पुढच्या खोल्यांत आम्ही, मागच्या दोन खोल्यांत त्या. मोठे दीर गेल्यापासून त्या एकट्याच आहेत. गुडघे दुखतात, विहिरीच्या दोन पायऱ्याही उतरवत नाहीत. म्हणून त्यांची लेक मीना त्यांना पनवेलला घेऊन चालली आहे. चौथा मजला, लिफ्ट आहे. मीना सकाळी सातला कामावर जाते ती संध्याकाळी सातला घरी येते. टेम्पो उद्या दहाला येईल.

आणि सामान बांधायला मी. दुसरं कोण असणार?

आमच्या आळीत कुणीही घर बदलायचं म्हटलं की आधी मला हाक येते. शाळेतल्या बाईंची बदली झाली, मला बोलावलं. समोरच्या काकूंनी अलिबागला ब्लॉक घेतला, मला बोलावलं. अकरा घरं मी आजवर हलवली आहेत आणि एकाही घरी पहिल्या संध्याकाळी चहाची साखर शोधावी लागलेली नाही. माझी एक पद्धत आहे. सामान बांधण्याआधी रिकाम्या हाताने नव्या घरी जायचं. प्रत्येक खोलीत उभं राहायचं, चालून बघायचं, कुठली वस्तू कुठे बसणार ते तिथेच ठरवायचं. मग सामान खोलीप्रमाणे वेगळं करायचं, आणि त्यातही — आज संध्याकाळी लागेल ते, उद्या लागेल ते, आठवडाभर नाही लागलं तरी चालेल ते. जे आधी लागणार ते टेम्पोत शेवटी चढवायचं. लोक म्हणतात, सुनंदाताईंचं डोकं काय चालतं.

ही पद्धत माझी नाही. हिरावहिनींची आहे.

हे लिहिलं. पण कबूल करायचं ते एवढंच असतं, तर एवढी वर्षं कशाला गप्प बसले असते? कुणाकडून तरी शिकलो आणि नाव सांगायचं राहिलं, असं सगळ्यांचंच होतं. माझं तसं राहिलेलं नाही.

हिरावहिनींना लिहिता-वाचता येत नाही. माहेर काशीदच्या बाजूचं. त्यांची आई भाजी आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा बाजाराला न्यायची. गावातल्या सात-आठ बायकांच्या टोपल्या एकाच टेम्पोत चढायच्या. आपली टोपली ओळखू यावी म्हणून प्रत्येकीची चिंधी वेगळ्या रंगाची, आणि टोपलीत काय आहे ते कळावं म्हणून चिंधीला गाठी. वहिनी लहानपणी टेम्पोच्या पाठीमागे उभ्या राहून नुसत्या चिंध्या बघून सांगायच्या, कुठली कुणाची, आत वांगी की वाल. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, मी नवी नवरी असताना, वाल सोलता सोलता.

चोवीस वर्षांपूर्वी आम्ही बाजारातलं भाड्याचं घर सोडून या घरात आलो. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घर वहिनी चालवायच्या आणि कोठीच्या खोलीची चावी त्यांच्या कमरेला असायची. या घराचा गिलावा अजून ओला होता तेव्हा त्या इथे येऊन उभ्या राहिल्या. मी सोबत होते. रिकाम्या स्वयंपाकघरात त्या हातात पातेलं असल्यासारख्या वळल्या, चार पावलं गेल्या, पुन्हा मागे आल्या. मग म्हणाल्या की ओटा बरोबर आहे, पण मसाल्याची फळी उजवीकडे हवी, नाहीतर दरवेळी चुलीवरून हात न्यावा लागेल. गवंड्याने फळी हलवली. ती अजून तिथेच आहे. रोज तिथे हात जातो आणि रोज मला — असो.

मग त्यांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडल्या. निळी स्वयंपाकघराची, लाल अंथरुणांची, पिवळी देवांची, हिरवी कोठीची. एक गाठ म्हणजे त्याच संध्याकाळी उघडायचं. दोन गाठी, दुसऱ्या दिवशी. तीन, सावकाश. चाळीसच्या वर बोचकी होती, सगळी जुन्या चादरींची, एकसारखी दिसणारी. त्या बांधत होत्या आणि मी वही घेऊन मागे फिरत होते. आत काय आहे, कुठे जाणार, सगळं लिहून घेत होते. त्या खूश होत्या. "लिव, लिव. तुलापन ठाव ऱ्हाईल," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामंजींनी ते सगळं पाहिलं. आलेल्या पाहुण्यांना हाताने दाखवत म्हणाले की आमच्या थोरल्या सुनेचं डोकं बघा, ही शिकली असती तर कुठे गेली असती. मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तळा गावाहून बारावी पास होऊन आलेली, या घरातली पहिली शिकलेली सून. माझ्याबद्दल ते काही वाईट बोलले नाहीत. माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी देव आणि पाण्याची कळशी घेऊन पुढे गेल्या, नवं घर झाडायला. पुरुषमाणसं टेम्पो आणायला. मी आणि बोचकी. माझ्याकडे तास-दीड तास होता. मी कातरी घेतली आणि एकेक चिंधी कापली. गाठी सुटत नव्हत्या म्हणून कापल्या. आधी नखांनी प्रयत्न करून बघितला होता. प्रत्येक बोचक्यावर खडूने आकडा टाकला आणि वहीत त्यातल्या सामानापुढे तोच आकडा लिहिला. सगळ्या चिंध्या न्हाणीघरातल्या चुलीत घातल्या. मग हात धुतले. हात धुतले हे मला का आठवतं, कोण जाणे.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुपारी दोन खोल्या भरून एकसारखी बोचकी पडली. सामान उचलायला आलेली माणसं जेवायला बसायची होती. वहिनी मधोमध उभ्या राहिल्या. इकडचं बोचकं फिरवलं, तिकडचं फिरवलं. एक उघडलं, त्यात गोधड्या. दुसरं उघडलं, त्यात देवाची झांज आणि समया. तिसरं, चौथं. मामंजी ओरडले, ताटं कुठे आहेत, माणसं ताटकळली. तेव्हा मी वही उघडून म्हटलं, अकरा नंबर. अकरा नंबर उघडलं. ताटं. पाणी पिण्याचे पेले, चौदा नंबर. मीठ, नऊ. मी दारात उभी राहून आकडे सांगत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्हाला खरं सांगू? मला फार बरं वाटत होतं.

मामंजींनी विचारलं, "हिरे, तुझ्या चिंध्या कुठं गेल्या?"

आता नीट ऐका, कारण मला सांगायचं आहे ते हे आहे. एका बोचक्याची चिंधी माझ्याकडून कापायची राहिली होती. चहा-साखरेचं बोचकं पातेल्यात ठेवलेलं होतं, त्यामुळे ते माझ्या हाती लागलं नव्हतं. वहिनींनी ते पातेलं तेवढ्यात उचललं. निळी चिंधी, एक गाठ, घट्ट. जशी बांधली तशी. त्यांनी ती पाहिली. मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं, आणि मग बोचक्यांवरच्या खडूच्या आकड्यांकडे. एक गाठ अशी राहिली असेल तर बाकीच्या वाटेत कशा सुटतील? मामंजींची पाठ वळली होती. वहिनींनी ती गाठ दोन बोटांनी सोडवली — मला नखं मोडून जमलं नव्हतं ते — आणि चिंधी कमरेला खोचली.

"सुटल्या असतील वाटंत," म्हणाल्या.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, चिंध्यांवर कुठं घर चालतं का. आणि वहिनी बोचकी उघडायला लागल्या. त्यांनी मला एकही आकडा विचारला नाही. काय कुठे जायचं ते डोक्यात होतंच. दिवेलागणीच्या आत ते स्वयंपाकघर लागलं होतं, मसाला उजव्या फळीवर, तवा भिंतीला, आणि त्या जमिनीवर बसून सगळ्यांसाठी भाकऱ्या थापत होत्या. गुडघे तेव्हा चांगले होते. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. इतकं मोठं काम इतक्या थोड्या शब्दांत करणारं दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

त्या रविवारी मामंजींनी कोठीची चावी मला दिली. शिकलेलीच्या हातात बरी, म्हणाले. वहिनींनी ती कमरेची सोडून माझ्या हातावर ठेवली. मी घेतली. तुम्ही विचाराल, तेव्हा तरी बोलायचं होतं. हो. बोलायचं होतं. त्यानंतरही रोज बोलता आलं असतं. आमच्यात कधी भांडण झालं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच केलं. मला टायफॉइड झाला तेव्हा आमचं घर आणि त्यांचं घर, दोन्ही त्यांनी ओढली. आणि दर वेळी आळीतून कुणी मला सामान बांधायला बोलवायला आलं की त्या मागच्या दारात तांदूळ निवडत असायच्या आणि म्हणायच्या, "जा गो. तुला जमतं." टोमणा नसायचा. मी चोवीस वर्षं त्यात टोमणा शोधते आहे. सापडला असता तर बरं झालं असतं.

या घरात आल्यानंतर त्यांनी कशालाही चिंधी बांधलेली मी पाहिली नाही. गहू-तांदळाच्या डब्यालासुद्धा नाही.

आज दुपारी मी चौथ्या खोक्यावर मार्करने "स्वयंपाकघर — डबे" असं लिहीत होते. वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या. पाय पुढे पसरलेले, तेल चोळत. मग म्हणाल्या, "सुनंदा, तुजं लिवलेलं मीना वाचील. पन ती दिसभर न्हाय. मी येकटीच. येकेक चिंधी बांधू का? तुला चालत असलं तर."

तुला चालत असलं तर. चौसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या सामानाला, माझी परवानगी मागते. आणि का मागते ते मला माहीत आहे आणि तिलाही. चौथ्या मजल्यावर, बंद दाराच्या आत, सव्वीस खोक्यांवर माझी अक्षरं. मीठ कुठल्या खोक्यात आहे हे कळायला तिने संध्याकाळी सातपर्यंत वाट बघायची. माझी अक्षरं चांगली आहेत. सगळे म्हणतात.

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, "बघू उद्या." आणि टेप आणायच्या निमित्ताने पुढच्या घरात आले. टेप हातातच होती.

म्हणजे काय, तर मी अजून तीच आहे. पन्नाशीला. आळीतल्या अकरा घरांची कौतुकाची बाई. कापण्यासारखं काही नव्हतं म्हणून आज "बघू" म्हणून भागलं, एवढाच फरक. आणि त्या मात्र अजून त्याच आहेत. मागून काही घेतलं तर समोरच्याला अडचण होईल का, हे आधी बघणाऱ्या.

८ मे.

सकाळी उठून कपाट उघडलं. निळी, लाल, पिवळी, हिरवी — माझ्या चार जुन्या साड्या काढल्या आणि बोटभर रुंदीच्या चिंध्या फाडल्या. निळी साडी फारशी जुनी नव्हती. फाडली.

मागे गेले तेव्हा मीना पहिल्या एसटीने आलेली होती. समोरच्या काकू डबा घेऊन आल्या होत्या. टेम्पोवाला लवकर येऊन दारात बिडी ओढत होता. ते सगळे जरा बाजूला होईपर्यंत थांबावं असं एकदा मनात आलं. मग मी चिंध्या वहिनींच्या मांडीवर ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वहिनी, या घरात आलो तेव्हा तुमच्या गाठी वाटेत सुटल्या नव्हत्या. मी कापल्या. आकडे मी टाकले. सामान लावायची ही सगळी पद्धत तुमची."

काकूंच्या हातातला डबा तसाच राहिला. मीनाने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मी तिच्या नजरेबद्दल काही लिहिणार नाही. ती तिची आहे. कोठीची चावीही मी वहिनींसमोर ठेवली, पण ती आता काय कामाची.

वहिनींनी जवळचं खोकं पायाने ओढून घेतलं. वरून खालून चाचपलं, कशात काय आहे ते वजनावरून ओळखत. चावी हाताने बाजूला सरकवली, सुरी-कात्री ठेवतात तशी, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

"ठाव हाय," म्हणाल्या. मग हात पुढे केला. "निळी दे."

मी निळी दिली.