चाचांनी सांगितलेला अर्थ

आमच्या घरात अरबी सगळ्यांना वाचता येतं, कळत मात्र कुणालाच नाही. लहानपणी मौलवींसमोर डोलत डोलत अक्षरं घोटायची, अर्थ विचारायची पद्धत नव्हती. अर्थ सांगायचे ते चाचा. पौडच्या बाजारपेठेत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. भाषेच्या आणि आत्म्याच्या गूढावरचं एक जुनं अरबी पुस्तक त्यांच्याकडे होतं, खुणेला मोरपीस घातलेलं.

मी लहान असतानाच अब्बा गेले. विधवेनं घरात बसायचे इद्दतीचे दिवस सरल्यावर अम्मीनं बांगड्यांचं दुकान पुन्हा उघडलं आणि मी रोज तिथं बसून रडायचो. एका गुरुवारी चाचांनी मोरपिसाचं पान काढलं, मोठ्यानं वाचलं आणि मला म्हणाले, "हितं लिवलंय, लेकराच्या आसवांनी मेलेल्या बापाची जन्नतची वाट निसरडी हुती. पाय घसरतो त्याचा."

मी रडणं गिळलं ते गिळलंच. माझं पहिलं मूल जन्मताच गेलं तेव्हाही डोळे कोरडे होते. बायको ते अजून विसरलेली नाही.

यंदा त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर मला इंटरनेटवर सापडलं, शेजारी मूळ अरबीसकट. हिंजवडीच्या ऑफिसात डबा उघडून हावरटासारखा वाचायला बसलो. ते पान चाचांनी वाचलेल्या पहिल्या अरबी ओळीवरूनच ओळखलं. त्यात ना बाप होता, ना वाट. रडणं ही माणसाची पहिली भाषा, अक्षरं मागाहून आली, असं काहीसं होतं. डबा तसाच बंद केला.

तडक चाचांकडे गेलो. त्यांनी नजरही चोरली नाही. "मला तरी कुटं अरबी कळतंय? तुज्या अम्मीनं सांगितलं, तेवडं बोललो."

अम्मी दुकानात बांगड्या लावत होती.

"व्हय, मीच बोलाया लावलं. पोरी लग्नाचा चुडा भराया यायच्या आन् तुला रडताना बघून पायरीवरनंच माघारी जायच्या. खायचं काय हुतं आपुन?"

"मग मी मोठा झाल्यावर तरी सांगायचंस!"

"मला वाटलं, तू इसरलास."

मी विसरलो नव्हतो. अब्बांचा पाय घसरू नये म्हणून इतकी वर्षं डोळे कोरडे ठेवत होतो. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं, इथं आईनंच केसानं गळा कापला. चाचांवरचा राग चार दिवसांत ओसरला. तिच्यावरचा जात नाही, आणि आता कुणाची आडकाठी नसूनही रडू येत नाही.