गुलाबी भट्टी

शाळेत महिला दिनाचे भाषण दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. मुलींना बाहुलीच का द्यायची, असे मी मूठ आवळून विचारते आणि मुली टाळ्या वाजवतात. त्यानंतर महिनाभरात लेकीचा सहावा वाढदिवस आला, म्हणून मी साखळी गावच्या बाजारात खेळणे आणायला गेले.

मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने मुलीसाठी की मुलासाठी ते विचारले, "चेडवाक काय चेड्याक?" मी पाने-पकडींच्या निळ्या खोक्याकडे बोट केले. "ता चेड्यांचा," म्हणत त्याने भातुकलीचे गुलाबी खोके पुढे सरकवले. वर लिहिले होते, 'छोट्या आईसाठी'. चित्रातली एप्रनवाली मुलगी अशी हसत होती की तिच्या घरी भांडी बहुधा दुसरेच कोणी घासत असावे. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते. भाषण घशातच राहिले आणि खोके पिशवीत गेले.

सुट्टीत आम्ही लाटंबार्सेला, माझ्या माहेरी गेलो. काजूचे दिवस होते. घरामागेच वडिलांची भट्टी आहे; माडाच्या झापांच्या खोपीत काजूचा रस उकळून हुर्राक नावाची दारू काढतात. लहानपणी आम्ही बहिणी बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचायचो, बिया पिळून काढायचो, टोपल्या डोक्यावरून खोपीच्या दारापर्यंत न्यायचो. आत मात्र पाऊल टाकायचे नाही. केसांना वास लागतो, तो जन्मभर जात नाही, मग लग्न कसे जमायचे, असे वडील सांगत. कोपरापर्यंत रसाने चिकट झालेल्या आम्ही केस सांभाळत माघारी फिरायचो. वाफेची दारू कशी होते ते मला फार बघायचे होते. ते राहूनच गेले.

वाढदिवशी लेकीने खोके उघडले, आतला एप्रन आपल्या बाहुलीला चढवला आणि दोन दिवस खोपीच्या दारातून डोकावून जे पाहिले होते ते अंगणात मांडले. गुलाबी कुकरात रस. त्याला पपईच्या देठाची नळी. नळीचे दुसरे टोक किटलीत, आणि किटलीवर करवंटीने गार पाणी. छोट्या आईने सहा वर्षांची होऊन पहिल्याच दिवशी दारू गाळायला घेतली होती. बाहुली काटक्यांच्या लुटुपुटीच्या जाळापाशी बसली होती.

वडील आले, तिच्याजवळ उकिडवे बसले. "नळी उतारती व्हयी गो. नायतर वाफ माघारी जाता." मग म्हणाले, "येतंस काय भट्टीर?"

जे वाक्य ऐकायला मी पस्तीस वर्षे थांबले, ते तिला अर्ध्या तासात मिळाले. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. आणि माझ्याच तोंडून बाहेर पडले, "नको. केसांना वास लागेल."

वडील माझ्याकडे वळले. "वास-बीस काय नाय गो लागत," ते हळूच म्हणाले. "आमी थंय बसान पिऊ, ता तुमी बघू नये म्हणान तसा सांगलेला."

लेक करवंटी घेऊन केव्हाच पुढे गेली होती. मी मागोमाग गेले, आणि दाराशी सवयीने थांबले.

तासाभराने ती बाहेर आली तशी मी तिला जवळ ओढून केस हुंगले. धूर जरासा होता. पण त्याच्यावर मात करून येत होता स्ट्रॉबेरीचा वास, 'खास मुलींसाठी' असे लिहिलेल्या गुलाबी बाटलीतल्या शाम्पूचा. ती बाटली दर महिन्याला मीच आणते.