रिकाम्या गाडीचे धक्के

त्या वर्षी मला पडून राहायची शिक्षा झाली होती. शिक्षाच ती, जिचा पाय घरात ठरत नाही अशा बाईनं तिला दुसरं काय म्हणायचं? तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही पाचव्या महिन्यात गेली. आता इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं. "प्रवासाच्या धक्क्यांनी तसं काही होत नाही, पण जपलेलं बरं," असं त्या म्हणाल्या. आमच्या घरानं त्यातलं शेवटचंच ऐकलं.

गाडी घरचीच होती. सासरे रेल्वेच्या नोकरीपायी उज्जैनला आलेले; मुलानं मात्र नोकरीचा नाद सोडून बारा सीटांची जुनी व्हॅन घेतली. तेव्हा ज्याला त्याला धंदाच करायचा होता. राम घाटावरून यात्रेकरू भरायचे, ओंकारेश्वरला न्यायचे, परत आणायचे. यात्रेकरूंनी धक्क्यांची कधी तक्रार केली नव्हती. देवाला निघालेली माणसं, सोसत असतील, असं यांना वाटायचं.

पण आम्ही तिघं इंदूरला निघालो की ती व्हॅन उधळायची. पुढे हे, मधल्या सीटवर मी आडवी, उशाशी सासूबाई. रस्त्यावर नव्या नव्या मोटारी दिसायला लागल्या होत्या, रस्ता मात्र जुनाच होता. वाटेतलं सांवेर येईपर्यंत मी दात आवळून, दोन्ही हातांनी पोट धरून पडलेली असायची. आत जरा काही जाणवलं की जीव धसकायचा. खड्डा होता, बाळ होतं, की सगळं पुन्हा सुटायला लागलं होतं? काही म्हणता काही कळायचं नाही.

मग हे गाडीच्या मागे हात धुऊन लागले. आगर रोडवर एक कमानीवाला मिस्त्री होता. कमान म्हणजे मागच्या चाकांवरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. त्यानं पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलं, रबरी बुश बदलले, नवे शॉकअप घातले. गाडी उलट जास्तच ताठली. मग एक पट्टा काढला, तर मोठ्या खड्ड्यात मागचा भाग थेट आपटायला लागला. पट्टा परत घातला. टायरातली हवा कमी केली, तर गाडी झोकांड्या खायला लागली. प्रत्येक वेळी तपासणी ठरलेली: माझ्या जागी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा, भैरवगढपर्यंत जाऊन यायचं, आणि उरलेलं पाणी बोटानं मोजायचं.

मी खाटेवरून कान लावून असायची. गाडी आली, दार वाजलं, की ओरडायची, "किती?"

"अर्धा," हे बाहेरूनच म्हणायचे. कधी अर्ध्याहून कमी. मला संताप यायचा. मिस्त्रीचा, तांब्याचा, आणि खरं सांगायचं तर यांचाही. माणूस चोवीस तास गाडीखाली. घटकाभर माझ्याजवळ बसायला काय होत होतं? आता वाटतं, त्यांना माझ्याजवळ बसायची भीती वाटत असेल. गाडी निदान पान्यानं उघडता तरी येत होती.

आणि हे सगळं चोरून चाललं होतं. सातवा लागेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी सासूबाईंची ताकीद होती. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात समोरच्या काकू मला म्हणाल्या होत्या, "काय तेज आलंय गं तोंडावर!" तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. सासूबाईंनी त्या दिवसापासून काकूंशी बोलणं टाकलं. या वेळी गल्लीत सांगितलं होतं की सुनेची कंबर धरलीय. मिस्त्रीलाही हे एवढंच म्हणाले होते, "सवारी की शिकायत है।"

एकदा तपासणीला गेले असताना भैरवगढला एका कापड छापणाऱ्याचा टेम्पो बंद पडलेला यांना दिसला. त्याचे धुतलेल्या कापडाचे ओले गठ्ठे यांनी गाडीत घेतले, तांब्या तिथेच पुन्हा भरून ठेवला आणि गठ्ठे शहरात पोचवले. घरी आले तेव्हा तोंडावर काहीतरी वेगळंच होतं.

"किती?"

"काठोकाठ," ते म्हणाले. "गठ्ठे उतरवेपर्यंत थेंब सांडला नाही गं."

तसेच मिस्त्रीकडे धावले आणि तिथे पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. "पेले बताते भिया! ये कमानी बारा सवारी का वजन झेलने को बनी है। तीन जने बैठोगे तो उछालेगी ही। मैं भरी गाड़ी का सोच के काम कर रिया था।" म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! यात्रेकरू बिचारे सोसत वगैरे काही नव्हते. त्यांना धक्के बसतच नव्हते.

"वाळूची पोती भरतो," हे म्हणाले. पण मिस्त्रीनं लगेच बजावलं की ब्रेक लागला तर पोती सरकून माझ्यावर येतील. माणसंच बसवा, आणि वजनदार माणसं मागच्या सीटवर. पण अनोळखी सवाऱ्यांत मी आडवी कशी पडणार? उरल्या गल्लीतल्या बायका. त्यांना न्यायचं तर सांगावं लागणार. आणि मागच्या सीटला साजेशी वजनदार बाई गल्लीत एकच होती.

यांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं. सासूबाई दुपारभर माळ ओढत बसल्या. मी खाटेवर कूस बदलत राहिले. चहाच्या वेळी त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं आणि समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी आज्ञा मोडून उठले आणि खिडकीशी गेले.

"उद्या इंदूरला याल का?" सासूबाई खाली बघून म्हणाल्या. "सुनेला पाचवा लागलाय. गाडी रिकामी असली की फार धक्के बसतात. मिस्त्री म्हणतो, मागे वजन पाहिजे."

काकू म्हणाल्या, "वजनापायी का होईना, माझी आठवण तर झाली!" हसायला गेल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी नऊ बायका जमल्या. डबे, पिशव्या, कुणाला इंदूरहून साडी बदलून आणायची होती, कुणाला बहिणीला भेटायचं होतं. काकू मागच्या सीटवर बसल्या तशी गाडी बोटभर खाली बसली आणि हे आरशातून चक्क हसले. महिन्यानं हसले असतील. सांवेरचे तेच खड्डे आले. गाडी संथपणे खाली गेली, वर आली. मी पोटावरचे हात सैल सोडले.

आणि तेव्हाच आत हललं. हळूच, एकाच जागी. त्या क्षणी गाडी जराही हलली नव्हती.

"हललं," मी म्हणाले. मोठ्यानंच निघालं तोंडातून. मला रडू फुटलं. आधीच्या दोघांनी मला एवढंही दिलं नव्हतं.

सासूबाई मागे वळल्या. "या हो पुढे," काकूंना म्हणाल्या. हे ओरडले, "काकू, उठू नका, वजन!" तेव्हा सासूबाईंनी काकूंचा हात धरून सीटच्या पाठीवरून पुढे ओढला. काकू हात मागे घ्यायला लागल्या. "नको हो, माझा नको," त्या पुटपुटल्या.

"तुमचाच ठेवा," सासूबाई म्हणाल्या, आणि तो हात माझ्या पोटावर ठेवून त्यावर आपला हात दाबून धरला.

मुलगी झाली. तिला पहिलं न्हाऊ घालायला सासूबाईंनी काकूंनाच बोलावलं.