सुनीताला खोली मिळेना

आमच्या मदत केंद्रात चहापेक्षा किस्सेच जास्त उकळतात. परराज्यातून आलेल्या कामगारांचं सोलापुरात बस्तान बसवून देणं, हे आमचं काम. किस्से ऐकून लोक हसतात. माझं मात्र डोकं फिरतं!

सध्याचं प्रकरण बिरजू आणि सुनीताचं. बिहारहून आलेलं जोडपं. बिरजू अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम चालवतो. सुनीता बाळंत झाली आणि मालकानं त्यांना शेडमधली जागा खाली करायला लावली. "पोर रडतंय, कामगारांची झोप मोडते," म्हणे. लूमच्या खडखडाटात!

तान्ह्या लेकीसाठी एक खोली हवी होती. बस्स, एवढंच. तोवर आम्ही त्यांना केंद्राच्या मागच्या खोलीत ठेवलं.

*

मी आणि माझा सहकारी चिदानंद खोली शोधत फिरलो. एका मावशींनी खोली दाखवली, पंखासुद्धा लावून दाखवला. बिहारचं नाव काढताच पंखा बंद!

"आमी बाहेरच्यास्नी देत न्हाई."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मावशी घडाघडा तेलुगूत सुरू. फोन झाल्यावर चिदानंदनं विचारलं, "मावशी, मूळ गाव कुठलं तुमचं?"

"तेलंगणातलं की. आजेसासरे मागावर कामाला आले हितं."

"मग?"

"तवाची गोष्ट येगळी! तवा आमी आलो हुतो की!"

*

संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही साहेब म्हणतो. त्यांच्या कानावर हे घातलं. साहेब कळवळले. आणि कळवळले की ते सत्कार करतात. भर मे महिन्यात त्यांनी बिरजूला नारळ आणि सोलापुरी चादर दिली, फोटो काढला.

चादर खांद्यावर टाकून बिरजू पाळीला गेला. सुटताना वॉचमननं धरलं, "माल चोरतोस व्हय?" साहेबांनी चादर नेमकी त्याच कारखान्यातून घेतली होती! चादर जप्त.

मी तणतणत साहेबांना फोन केला.

"अरेरे," साहेब म्हणाले. "पण नारळ आहे ना?"

*

मग केंद्राच्या आवारात मांडव घालून स्थलांतरितांच्या स्वागताचा सोहळा ठरला. सकाळी अकराला. मी म्हटलं, "साहेब, तेव्हा सगळे लूमवर असतात."

"यांना कशाची किंमतच नाही!" साहेबच चिडले. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून त्यांनी शेजारच्या मोहोळहून सासरची मंडळी टेम्पोनं आणली.

मुंबईच्या पाहुण्यांनी पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचा हात हातात घेतला. "कुठून आलात, बाबा?"

"मोहोळवरनं."

"अरेरे! घरदार सोडून इतक्या लांब!"

*

आणि त्याच सकाळची ही गोष्ट. पाहुण्यांना फ्रेश व्हायला मागची खोली हवी, म्हणून साहेबांनी सुनीताचं सामान बाहेर काढायला लावलं. मी घसा बसेपर्यंत भांडले.

"थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, मॅडम. ॲडजस्ट करायला सांगा!"

बिरजू पाळीवर होता. ऊन मी म्हणत होतं. सुनीता लेकीला पदराखाली घेऊन गेटजवळ, मांडवाच्या सावलीत बसली.

आत भाषण सुरू झालं. गेटवरचा स्वयंसेवक तिच्याजवळ गेला.

"ओ बाई, उठा हितनं. आत परराज्यातल्या लोकांचं स्वागत चाललंय!"