सात वेळा दिलेला अंगठा

त्या बाईचा अंगठा मी निवृत्तीनंतरही विसरू शकलेलो नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. परराज्यातून एक फौजदार दोन शिपाई घेऊन आमच्या ठाण्यात आला. त्यांच्याकडे एका निवृत्त शिक्षकाने गळफास घेतला होता. 'तुम्हाला अटक होणार' अशा धमक्या त्याला चार दिवस फोनवर येत होत्या. तो नंबर पालीजवळच्या एका बाईच्या नावावर निघाला.

तिला आणलं. पन्नाशी उलटलेली विधवा, काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी. धमक्या हिंदीत आणि पुरुषी आवाजात होत्या. हिला हिंदीचा गंध नाही. फौजदार म्हणाला, "टोळी असेल. कागदावर नाव हिचंच आहे." दुसऱ्या दिवशी न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड मिळवून तो तिला घेऊन जाणार होता. कायद्याने त्याचं चुकत नव्हतं.

"मावशी, सिम किती घेतलीत?" मी विचारलं.

"एकच वो सायेब. पालीच्या बाजारात. भाचा बोटीवर असतो, त्याचा फोन येतो त्यावर."

"दुकानात काय झालं?"

"काय व्हायचंय? मशीनवर अंगठा दिला. त्यानं सांगितलान, उठला नाय, परत द्या. परत दिला. आमचा अंगठा कदी उठतच नाय. रेशनवर पण तीच बोंब."

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. वर्षानुवर्षं बिया फोडून या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात; यंत्रावर अंगठा कधी उठतो, कधी नाही.

मी मोबाईल कंपनीला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे, हे वीस मिनिटं ऐकलं. मग एक अधिकारी म्हणाला, "सिम ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची." लेखी नोटीस पाठवली, तेव्हा संध्याकाळी ईमेलने तिच्या नावचे सिमचे अर्ज आले. एक नव्हे, सात; म्हणजे त्या दिवशी अंगठा सातही वेळा उठला होता. सगळे एकाच दुपारचे, पाऊण तासातले. प्रत्येकावर तिथेच काढलेला फोटो. पहिल्या फोटोत बाई हसत होती. सातव्यात ओशाळली होती. आपल्या बोटापायी दुकानदाराला त्रास, म्हणून.

दुकानदाराला बोलावलं. त्याच्या भिंतीवर सर्वाधिक नवे ग्राहक जोडल्याबद्दल कंपनीने दिलेली ढाल होती, असं हवालदार सांगत आला.

"सर्व्हर डाऊन होता, साहेब."

मी सातही फोटो टेबलावर ओळीने मांडले. "मग हे कंपनीकडे कसे पोचले? एसटीने?"

त्याने पाणी मागितलं. एक सिम बाईला दिलं, बाकीची सहा एक माणूस येऊन घेऊन गेला, हे कबूल केलं.

"असे किती जणांचे अंगठे घेतलेस?"

"सगळ्यांचे नाही हो. फक्त काजूवाल्या बायकांचे. त्यांना 'परत द्या' म्हटलं की संशय येत नाही."

रिमांड टळला. दुकानदाराला अटक झाली आणि यथावकाश जामीनही. कंपनीने आपली यंत्रणा निर्दोष असल्याचं कळवलं. फोन करणारे सापडले नाहीत. बाईची नोकरी मात्र गेली; पोलिसांच्या जीपमधून गेलेली बाई कारखान्याला नको होती.

भाच्याने परदेशी बंदरातून मला फोन केला. "सर, इथे नावावर दुसरं सिम निघायच्या आधी पहिल्या नंबरवर विचारतात. हो म्हटल्याशिवाय चालूच होत नाही."

"तिथल्या कंपन्या एवढ्या दयाळू?"

"दयाळू कसल्या! चुकलं तर दंड त्यांनाच बसतो."

आमच्याकडे चुकलं तर ग्राहकाच्या दारात जीप जाते. जनजागृतीच्या सभांत हारतुरे स्वीकारून मी लोकांना 'मोहाला बळी पडू नका' असं सांगत असे. या बाईला कसलाच मोह नव्हता. यंत्र अडलं की चूक आपलीच, एवढंच तिला आयुष्यभर शिकवलं गेलं होतं. त्यानंतर ते भाषण मी केलं नाही.

न्यायालयाच्या हुकमाने तिचा जप्त मोबाईल परत द्यायचा होता. तिने पावतीवर शाईचा अंगठा टेकला. नुसता काळा डाग उमटला, रेष एकही नाही. हवालदार सवयीने म्हणाला, "उठला नाही, मावशी. परत द्या."

तिने हात पदराखाली घेतला.

"नको वो," ती म्हणाली. "फोन तुमच्याकडंच ऱ्हांवदे."