एतराज नसल्याचा एतराज

माझं माहेर लातूरचं. वडील तिथल्या कचेरीत मोहरीर होते, म्हणजे आलेल्या कागदांच्या नकला काढायचं काम. संध्याकाळपर्यंत त्यांचा उजवा अंगठा आखडून जायचा. मग उरलेले कागद ते घरी आणायचे आणि मी ते उतरवून द्यायची. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून हे चाललं. त्यामुळे मला मराठीच्या आधी उर्दू लिहिता यायला लागलं, आणि तेही कचेरीतलं उर्दू, "फिदवी अर्ज करतो की" इथून सुरू होणारं. "मला तहान लागली" हे साधं वाक्य उर्दूत कसं म्हणतात ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी बजावलं, "सासरी यातलं काही बोलू नकोस. लोक म्हणतील, पोरगी कचेरीत बसत होती."

मी नांदेडला आले आणि गप्प राहिले. सासरी माणसं तीनच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मी, आणि आमचे हे. हे भोकरच्या सरकारी शाळेत मास्तर होते, शुक्रवारची सुट्टी धरून घरी यायचे. सासरे वारल्यापासून घर आत्याबाईंनी चालवलं होतं आणि त्यांचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचायचा. गल्लीत घरं सतरा. पाणी गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून आणायचं, सकाळी दोन खेपा, दुपार कलल्यावर दोन.

निजामाचं राज्य जायला सात-आठ वर्षं उरली होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं! एका सकाळी बलदियाचा, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेचा चपराशी आला आणि आमच्या दारासमोरच्या भिंतीला खळ लावून एक कागद चिकटवून गेला. माणसं जमली. गल्लीत सरकारी कागद वाचणारे एकच, पेशकारसाहेब. कोर्टात नोकरी करून घरी बसलेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

ते काठी टेकत आले, कागदासमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि बोलले, "प्लेगाची टोचणी हाय. लहानथोर सगळ्यांनी दवाखान्यात हजर व्हायचं. न येणाऱ्यास कैद."

गल्लीत एकच कल्लोळ. समोरच्या शिंप्याची बायको तिथंच रडायला लागली. एक गाडीवान होता, तो धावत घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "बोचकं बांध, नायगावला जा माहेरी." मी खिडकीच्या गजाआडून कागदाकडे बघितलं आणि मला हसू फुटलं.

आत्याबाई मागंच होत्या. "काय गं? लोकं रडून राहिलेत आन् तुला हसू येतंय?"

"आत्याबाई, कागद उलटा चिकटवलाय."

"तुला काय ठाऊक उलटा का सुलटा?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी मान वाकडी करून, गजातून, तो कागद खालून वर वाचून काढला. त्यात टोचणी नव्हती. गल्लीत लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या झाडाजवळ सरकार नळ बसवणार होतं. त्याबद्दल मोहल्ल्यातल्या कुणाचा एतराज, म्हणजे हरकत असेल, तर त्यानं पंधरा दिवसांत लेखी कळवावं.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरात हत्ती लपवून ठेवला होता. मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेर जाऊन गरजल्या, "थांबा! टोचणी बिचणी काय न्हाई. नळ येऊन राहिलाय!"

"कोण म्हणतं?" पेशकारसाहेब.

"माझी सून म्हणती. आन् कागद उलटा हाय."

पेशकारसाहेबांनी काठी सरळ केली. मग शांतपणे म्हणाले, "उलटा हाय म्हणूनच मी उलटं वाचलं."

त्या दिवशी गल्लीत जणू सण होता. नळ म्हणजे काय ते बहुतेकांनी पाहिलंही नव्हतं. पण संध्याकाळी त्याच झाडाच्या पारावर बसून लोक विचार करायला लागले. सरकारनं एतराज मागितलाय, आणि आपला तर कुणाचाच एतराज नाही. मग करायचं काय?

कुणी म्हणालं, काहीच करायचं नाही, गप बसायचं. त्यावर पेशकारसाहेब उसळले. "सरकार दारात येऊन काही मागतंय आन् तुम्ही रिकाम्या हातानं पाठवता? याला बेअदबी म्हणतात. उद्या म्हणतील, या गल्लीनं जबाबच दिला न्हाई. नळ नेऊन दुसरीकडं बसवतील."

"पण एतराज न्हाई तर लिहायचं काय?"

"लिहायचं, एतराज न्हाई. पण लिहायचं."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे कबूल केलं पाहिजे. दोन दिवस मी स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अर्ज लिहीत होते. सतरा घरं, सतरा अर्ज. बायका एकेक करून यायच्या, धन्याचं नाव सांगायच्या, कुणी चार लिंबं, कुणी वाटीभर शेंगदाणे ठेवून जायच्या. वडिलांनी शिकवलेल्या रीतीनं मी प्रत्येक कागदावर माथ्याशी ठळक अक्षरांत "एतराज" असा विषय घातला. कारण त्याच बाबतीत कागद मागवला होता. खाली लिहिलं की फिदवीचा नळास कोणताही एतराज नाही, सबब नळ लवकर बसवावा. पेशकारसाहेबांनी अंगठे उठवून घेतले आणि गठ्ठा स्वतः बलदियात नेऊन दिला.

महिन्याभरानं जबाब आला. या वेळी चपराश्यानं तो आत्याबाईंच्या हातात दिला. मी तो दोनदा वाचला. लिहिलं होतं की नळाच्या कामाविरुद्ध गल्लीतल्या प्रत्येक घराचा एतराज दाखल झाला आहे. सबंध शहरात इतका कडवा विरोध कुठंही झालेला नाही. सबब काम थांबवण्यात येत आहे आणि बलदियाचे साहेब मौक्यावर, म्हणजे गल्लीत येऊन सुनावणी घेतील.

सुनावणीच्या दिवशी पारासमोर सतरंजी अंथरली, एक खुर्ची ठेवली. साहेब आले. पन्नाशीचे, शेरवानीतले, अतिशय नम्र आणि अतिशय थकलेले. बरोबर चपराशी होता, पण मुन्शी आजारी म्हणून आला नव्हता. साहेबांनी गठ्ठा सोडला, पहिला अर्ज वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ये सब एकही हात का लिखा है," ते म्हणाले. "कौन है वो?"

पुढची माणसं एकेक करून मागं सरली. दिवसच तसे होते. एका हातानं लिहिलेले पुष्कळ कागद दिसले की सरकारला फितुरीचा वास यायचा. पेशकारसाहेब आपल्या काठीकडे बघायला लागले. मी दाराआड उभी होते. तेवढ्यात आत्याबाई पुढं झाल्या.

"म्या लिव्हले."

साहेबांनी दौत आणि कलम पुढं केली. आत्याबाईंनी कलम हातात घेतली, दौतीत बुडवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि परत ठेवली. "ही शाई चांगली न्हाई," म्हणाल्या. "ह्या शाईनं मी लिव्हत नसते."

साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मला मात्र राहवलं नाही. माझ्यापायी ही बाई अडकेल असं वाटलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून मी उंबऱ्यावर आले आणि म्हणाले, "फिदवी अर्ज करती है की तहरीर फिदवी की है." म्हणजे हे लिखाण माझं आहे. तोंडी बोलायचं तर मला तेवढंच येत होतं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही, रीतीप्रमाणे कागदाकडेच बघत राहिले. "किसकी बेटी हो?" मी सांगितलं. "माशाल्लाह," ते म्हणाले. "हमारे मुन्शी से साफ लिखती हो." मग चपराश्याला खूण केली. रजिस्टर उंबऱ्यावर माझ्यासमोर आलं, आणि मुन्शी हजर नसल्यामुळे सुनावणी मी लिहून घ्यावी असं ठरलं. आत्याबाई माझ्या बाजूला येऊन बसल्या, माझी राखण करायला.

आता साहेबांनी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत अडचण सांगितली. रजिस्टरात दोनच गोष्टी लिहिता येतात. एतराज मंजूर, नाहीतर नामंजूर. "तुमचा एतराज आहे की एतराज नाही. तो मंजूर केला, तर एतराज मंजूर झाला, नळ रद्द. नामंजूर केला, तर एतराज नाही हे म्हणणं नामंजूर झालं, म्हणजे एतराज आहे. तरी नळ रद्द." त्यांनी कपाळ चोळलं. "मी रात्रभर विचार केला. एकच वाट आहे. प्रत्येकानं एक खरा एतराज सांगा. मी तो नामंजूर करतो. मग नळ येईल."

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी शिंपी उठला. "साहेब, नळ टपटप वाजणार. माझं टाक्यांवरचं लक्ष उडणार."

"नामंजूर." मी लिहिलं. शिंपी खूश होऊन बसला.

तेलीणबाई उठली. "पाणी दारात आलं की पाहुणे हालत न्हाईत. चार दिसाचे पंधरा दिस ऱ्हातील."

"नामंजूर."

मग रंग चढला. एकाला वाटत होतं नळाला साप येतील, दुसऱ्याला वाटत होतं गंगामाई रुसेल. गाडीवानाची पाळी आली तेव्हा त्याला काही सुचेना. तो उभा राहून नुसता घाम पुसत होता. "मला नळ पायजे साहेब," एवढंच म्हणायचा. साहेब म्हणाले, असं म्हणू नका, नळ मिळणार नाही. शेवटी शेजाऱ्यानं त्याला ओढून कानात सांगितलं, "माझ्याकडं दोन हायेत, एक तू घे." तो एतराज घेऊन गाडीवान सुटला.

पण आठ-दहा झाल्यावर हवा पालटली. शिंपी पुन्हा उठला. "साहेब, माझा एतराज तुम्ही नीट ऐकलाच न्हाई. तिचा पाहुण्यांचा एवढा ऐकला. टपटपीनं खरंच काम बिघडतं." तेलीणबाई कडाडली, "तुझ्या टपटपीपक्षी माझे पाहुणे खरे हायेत!" ज्यांना सकाळपर्यंत काहीच हरकत नव्हती ते आपापली हरकत नामंजूर झाली म्हणून भांडायला लागले. सगळ्यांना नळ हवाच होता, पण आपलं म्हणणं खोटं ठरवून नको होता.

त्यात आत्याबाई बोलल्या, माझ्या बाजूला बसूनच. "लिव्ह गं. नळ आला की सुना गंगेवर जायच्या न्हाईत. गंगेवर गेल्या न्हाईत की घरात बसून सासवांशी भांडतील."

मी कलम थांबवली. "आत्याबाई, हे लिहू?"

"तुझ्यावर न्हाई म्हणत मी. सुनांवर म्हणते. लिव्ह."

मी लिहिलं. साहेबांनी नामंजूर म्हणायला जरा वेळ घेतला. त्यांच्याही घरी सून असावी.

शेवटी राहिले पेशकारसाहेब. ते काठीवर जोर देऊन उठले, कोर्टात उभं राहावं तसे उभे राहिले. "हुजूर, भिंतीवरच्या इश्तिहारात लिहिलंय, लिंबाच्या झाडाजवळ. ह्या गल्लीत लिंबाचं झाडच न्हाई. हा बकाणा हाय, नुसता दिसतो लिंबावानी. सबब इश्तिहार रद्दबातल."

साहेबांचा चेहरा उतरला. इतर एतराज फेकता येण्याजोगे होते, हा कायद्यातला होता. झाड जर लिंब नसेल, तर जागाच चुकीची. गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणालं पानं बघा, कुणी म्हणालं पानं सारखीच असतात, चव बघा. चपराशी झाडावर चढला, डहाळ्या खाली टाकल्या, आणि भर दुपारी अख्खी गल्ली पानं चावायला लागली. एक डहाळी साहेबांनाही दिली. त्यांनी दोन पानं तोडली, तोंडात टाकली, डोळे मिटले.

"कडवा है," ते म्हणाले.

"बकाणाबी कडूच असतो हुजूर," पेशकारसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. नोकरीत जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे मुद्दे लिहून घेतले होते. हा त्यांचा स्वतःचा पहिला मुद्दा होता.

साहेब पाणी प्यायले आणि मग मला मजकूर सांगितला. तो मला अजून पाठ आहे. "नळ त्या झाडाजवळ बसवावा, ज्याला मोहल्ल्यातले लोक लिंब समजतात." पेशकारसाहेबांचा एतराज अंशतः मंजूर. सतरांपैकी तेवढा एकच. ते घरी जाताना लोकांनी त्यांना वाट करून दिली.

शुक्रवारी हे भोकरहून आले. निकालाची नकल तोवर भिंतीला लागली होती. ह्यांनी ती उभ्यानं वाचली आणि घरात येऊन म्हणाले, "बलदियात नवा मुन्शी आलेला दिसतो. काय अक्षर आहे! हैदराबादेकडचा असेल." आत्याबाई चुलीपुढं वाकून हसू दाबत होत्या. मी भाकरी थापत राहिले. त्यांना जेवण झाल्यावर सांगितलं. ते उठले, परत बाहेर गेले आणि ती नकल पुन्हा एकदा वाचून आले.  पुढच्या शुक्रवारी येताना माझ्यासाठी दौत आणि दोन कलमा घेऊन आले.

नळ त्या हिवाळ्यात बसला. पाणी उन्हाळ्यात आलं. पाइप जमिनीत वीतभरच खोल पुरला होता, त्यामुळे पाणी चहासारखं कढत यायचं. त्यात गल्लीनं आंघोळी केल्या, धुणी धुतली, डाळी भिजवल्या. प्यायला कुणाला ते रुचेना. मग मी आणि आत्याबाई घागरी घेऊन पुन्हा गंगेची वाट धरायचो, दोघी मिळून, आणि वाटेत त्या मला विचारायच्या, "ते 'फिदवी' म्हंजे काय गं? तू सारखं लिव्हत होतीस ते?"

"म्हणजे सेवक, आत्याबाई. पाय धरणारा."

"सतरा घरांनी पाय धरले व्हय," त्या म्हणाल्या, "आन् आलं काय, तर गरम पाणी."