स्वतःच जुळवलेल्या लग्नाला हरकत

“मनापासून का?”

हे विचारण्याआधी बाई चष्मा काढत, पदराच्या टोकाने पुसत, पुन्हा डोळ्यांवर चढवत आणि मग समोरच्याकडे अशा बघत की खोटे बोलणाऱ्याला नजर कुठे ठेवावी ते कळत नसे. पोराने भावाची माफी मागितली, “मनापासून का?” नव्या पेठेतल्या दुकानदाराने साडीचा रंग जाणार नाही म्हणून सांगितले, “मनापासून का?” एकदा तर उपासना संपल्यावर चर्चच्या दारात उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनाच, त्यांनी विचारले. साहेब त्या दिवशी क्षमेवर तासभर बोलले होते, आणि शेजाऱ्याशी त्यांचा अबोला आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाईंचे काम म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचे, आजाऱ्याजवळ प्रार्थना करायची, आणि प्रार्थनेने भागत नसेल तिथे पेज करून घालायची. मी शाळेत शिकवत होते आणि रविवारी देवळात पेटी वाजवत होते. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पेटी पुढच्या कोपऱ्यात, त्यामुळे पाळकाचे तोंड आणि मंडळीचे तोंड, दोन्ही मला दिसत. तुम्ही कधी अशा जागी बसला असाल तर तुम्हालाही माहीत असेल, प्रार्थनेत डोळे मिटायचे राहून जाते.

बाईंनी लग्न केले नव्हते, पण अर्ध्या मंडळीची लग्ने त्यांनीच जुळवलेली. कुणी आगाऊपणाने विचारलेच, “तुमचं का राह्यलं, बाई?” तर म्हणत, “संसार करनं ही देवाची देनगी, न करनं हीबी देवाचीच. ज्याला जी मिळाली ती त्यानं सांभाळावी. दुसऱ्याच्या ताटात बघू नये.”

दुष्काळाच्या वर्षीची गोष्ट. टँकरच्या रांगेत एक गरोदर बाई घागरी घेऊन उभी, आणि नवरा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेला. बाईंनी हटकले तर तो म्हणाला, “बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं, शास्त्रातच हाय की.”

“तेवडंच पाट केलंस व्हय?” बाई म्हणाल्या. “फुडं वाच की. नवऱ्यानं बायकोपायी जीव द्यावा, असंबी हाय. जीव र्‍हाऊ दे तुझा. घागर उचल.”

रांगेतल्या बायका हसल्या. त्याने घागर उचलली, आणि उन्हाळाभर उचलत राहिला.

लग्न ठरले की बाई मुलीला एकटीला गाठत. आईला बाहेर काढून दार लावत आणि तोच प्रश्न विचारत. मुलगी ‘नाही’ म्हणाली तर बाई बाहेर येऊन ते लग्न होऊ देत नसत. मुलीच्या बापाने कितीही आदळआपट केली तरी मुलीचे नाव पुढे येऊ देत नसत. मोडणाऱ्या लग्नाचे खापर स्वतःच्या डोक्यावर घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

शांतवनचे लग्नही त्यांनीच जुळवले होते. शांतवन गिरणीत फिटर होता. आई विधवा, तिने विड्या वळून त्याला वाढवलेला. गळा असा गोड की तो गाऊ लागला की मी पेटीचा आवाज कमी करी. मुलगी बार्शीची, सुवार्ता नावाची, बालवाडीत शिकवणारी. बाईंनी तिला दार लावून विचारले. ती लाजली आणि ‘हो’ म्हणाली. झाले, लग्न ठरले.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब दोघांची नावे वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असे विचारतात. हरकत कुणाचीच नसते. लोक त्या वेळात घसा खाकरून घेतात.

दुसऱ्या रविवारनंतर बाई नवरदेवाच्या सदऱ्याचे कापड द्यायला शांतवनकडे गेल्या. आई विड्या पोचवायला कारखान्यात गेली होती. बाईंनी सहज, थट्टेने विचारले, “काय नवरदेव, मनापासून का?” तो खाली बसला आणि रडू लागला.

तो काय म्हणाला, ते बाईंनी कुणालाही सांगितले नाही. खूप वर्षांनी त्यानेच मला सांगितले. त्याचे मन बाईमाणसाकडे कधी वळलेच नव्हते. ते पुरुषांकडेच जाई, आणि त्यासाठी तो देवापुढे कितीदा तरी रडला होता. “सुवार्ताचा काय गुन्हा, बाई?” असे तो त्या दिवशी म्हणाला होता. “पण आईफुडं माझ्या तोंडातून निघत न्हाई. तुमीच काय ते करा.”

बाई आधी आईकडे गेल्या. त्याला लग्नच नको आहे, एवढेच त्यांनी सांगितले. आई म्हणाली, “लग्न झालं की येतंय सगळं ताळ्यावर.” मग त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, “पुरुषाचं काय एवढं, होईल सवय.”

तिसऱ्या रविवारी नावे वाचली गेली. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले आणि पुढचे पान उलटले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, “माझी हरकत हाय.”

माझा हात पेटीवर पडला आणि ती भलत्याच सुरात ओरडली. कुणी हसले नाही.

बाई उभ्या होत्या. “ही सोयरीक मीच जुळवली. मुलीला इच्यारलं, मुलाला इच्यारलं न्हाई. पुरुष हाय, त्याला हवंच असनार, असं धरून चालले. चूक माझी हाय. पन हितं देवाफुडं खोटी शपत नको. साहेब, आता तुमी त्याला इच्यारा.”

साहेबांनी नाइलाजाने विचारले. शांतवन पुरुषांच्या बाजूला उभा राहिला. हातातले गीतांचे पुस्तक त्याने मिटून बाकावर ठेवले. “मला लग्न करायचं न्हाई, साहेब. कुनाशीच न्हाई.”

त्याची आई ताडकन उठली. “तुमचं झालं न्हाई म्हनून माझ्या लेकाचंबी होऊ देऊ नका! माझं घर बुडवलंत, बाई!” एवढे बोलून ती निघून गेली. बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांना खूप लागले होते, मला दिसत होते.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी बाईंना ताकीद दिली, यापुढे लग्ने जुळवायची नाहीत. “बरं झालं, चपला झिजायच्या वाचल्या,” बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन बार्शीच्या एसटीत बसल्या.

सुवार्ताच्या बापाने आम्हाला उंबऱ्याबाहेरच उभे केले आणि तोंडाला येईल ते बोलून घेतले. बाईंनी एका शब्दाने उलट उत्तर दिले नाही. मग सुवार्ता पाणी घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले.

“तुमी मला इच्यारलं तवा मी मनापासून ‘व्हय’ म्हनले हुते, बाई.”

“ठाव हाय, पोरी. म्हनून तर आले. तुझ्यात काई खोट न्हाई. त्याच्यातबी न्हाई. चुकले ते मी. मला माफ कर.”

सुवार्ताने तांब्या पुढे केला आणि ती म्हणाली, “पानी प्या. लांबून आलाय.”

खरे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. आपल्या खऱ्या बोलण्याने जिला लागले तिच्या दारात जाऊन उभे राहणारे माणूस मी हे एकच पाहिले. परतीच्या एसटीत मी विचारले, “पण बाई, त्याचं असं काय होतं?” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्यातलं मला सगळं कळतंय असं न्हाई. पन ते लेकरू खोटं बोलत न्हाई, आन् देवाचं हाय, एवडं कळतंय. तुला काय करायचंय?”

शांतवन एकटाच राहिला. मंडळीतली पोरे त्याच्याकडे गाणी शिकायला जमत. संध्याकाळी त्याच्या घरात एवढा गोंधळ असे की आई विड्यांचे सूप घेऊन ओट्यावर जाऊन बसे. पण बाई समोरून आल्या की ती तोंड फिरवत असे. बाई तरीही थांबत, “बरी हाईस का?” म्हणत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात.

बाई काविळीने गेल्या. त्या रविवारला तोवर बरीच वर्षे उलटली होती. कुर्डुवाडीला त्यांचा एक भाऊ असे, पण तो त्यांच्या आधीच गेला होता. कबरस्तानात सगळी मंडळी लोटली. प्रार्थना झाली. पहिली मूठ माती घरच्यांनी टाकायची असते. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, “घरचं कोण आहे?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मीही पुढे झाले नाही, माझा तेवढा हक्क आहे की नाही ते मला कळेना.

मागून शांतवनची आई आली. एका हाताने माणसे बाजूला सारत, दुसऱ्या हाताने शांतवनचे मनगट धरून. “आमी हाय की,” ती म्हणाली. तिने माती उचलली, वाकली आणि खड्ड्यात बघत म्हणाली,

“बाई, पोरगं सुखात हाय माजं. सांगायचं राह्यलं.”